ओल्या पानांचा धूर

येंदेकिपाचं नाव मी घेऊ शकते, कारण ती अजून आहे. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याच्या माणसांच्या जखमेवरची खपली निघते, आणि पूर्वी एवढ्यावरून दोन होड्यांत हाणामारी व्हायची. म्हणून या गोष्टीत तिच्या नवऱ्याला मी घरधनी म्हणेन आणि तिच्या मुलीला मुलगी. ज्यांची नावं येतील ती माणसं जिवंत आहेत असं खुशाल धरून चला. किपा म्हणजे बाई. आईला येंदे खाडीच्या काठावर कळा आल्या, तिथंच ही जन्मली, म्हणून येंदेकिपा. नुसतं येंदे म्हटलं तरी चालतं. मधली बरीच वर्षं तर तिला कोणी काहीच म्हणत नव्हतं.

त्या वर्षांत कातड्यासाठी सील मारणाऱ्यांची गलबतं तिच्या किनाऱ्यावरून जायची. गलबतावरचे लोक आमच्या वस्तीत येऊन सांगायचे, "त्या बाजूला आता चिटपाखरूही नाही." आणि ही तिथंच होती. टेकाडाच्या आडोशाला, फांद्यांच्या खोपटात, विस्तवाशी बसलेली. पण तिच्या विस्तवाला धूर नव्हता.

अहो, आमच्याकडे, जगाच्या दक्षिण टोकाशी, पाऊस नाही असा दिवस उजाडत नाही. लाकूड झाडावर ओलं, जमिनीवर ओलं, खोपटात आणलं तरी ओलं. धूर काढायला काही अक्कल लागत नाही, विस्तव केला की तो होतोच. धूर होऊ न देणं हे खरं काम. येंदे लाटांनी आणून टाकलेले ओंडके उचलायची, खडकाच्या कपारीत लावून ठेवायची, दोन दोन हिवाळे तसेच वाळू द्यायची. मग साल सोलायची आणि बोटाएवढ्या काटक्या करून एकेक विस्तवात सरकवायची. कधी चुकून ओली काटकी गेली आणि धुराची रेघ वर निघाली, की झडप घालून ती बाहेर ओढायची आणि वाळूत खुपसायची. हात किती वेळा भाजला असेल त्याला गणती नाही.

एवढा उपद्व्याप कशासाठी, ते सांगते.

येंदे मूळची अशी नव्हती. तरुणपणी पोहण्यात तिचा हात धरणारी बाई आमच्या पाण्यात नव्हती. आमच्यात पुरुषांना पोहता येत नाही. ते होडीच्या टोकाला भाला घेऊन उभे राहणार आणि रुबाब करणार. होडी वल्हवायची बाईनं, पाण्यात वाढणाऱ्या समुद्रवेलीच्या जुडग्याला होडी बांधायची बाईनं, आणि बर्फाच्या पाण्यात बुडी मारून शिंपल्या काढायच्या त्याही बाईनं. होडीच्या मधोमध वाळूच्या थरावर विस्तव असतो, तो राखायचं काम पोरांचं. येंदेच्या होडीत ते काम तिची मुलगी करायची. एवढीशी होती, नाक सारखं वाहायचं, पण विस्तव असा राखायची की घरधनी म्हणायचा, "ही मोठी झाली की हिला नवरा नको, विस्तवाशीच लग्न लावून देऊ."

सासरचं माणूस म्हणजे घरधन्याची थोरली बहीण, अवाईकिपा. अवाईची जीभ म्हणजे शिंपलीची धार. ती वेगळ्या होडीत, आपल्या नवऱ्याबरोबर आणि दोन पोरांबरोबर राहायची, पण महिन्या दोन महिन्यांनी होड्या एकत्र आल्या की नणंद-भावजयीची जुंपायचीच. एकदा येंदेच्या घरधन्याला एक लठ्ठ सील मिळाला. वादळ होतं, कोणाला बोलावता आलं नाही, तिघांनी मिळून खाल्ला. अवाईला कुठून तरी कळलं. झालं. भेटली की सुरू.

"या बाई, चोरून खाणाऱ्या. गालांवर चरबी दिसतेय."

"वन्सं, वादळ होतं हो. तुम्ही कुठून आला असता?"

"मी पोहत आले असते. बोलावणं तर धाडायचं!"

बाकीच्या बायका खो खो हसायच्या. येंदेही हसायची, पण ते तिच्या मनाला लागायचं. आमच्यात चोरून खाणारी म्हणवून घेण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. कोणी आळशी म्हणा, कुरूप म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही. पण एकट्यानं खाल्लं म्हटलं की माणूस मान वर करत नाही.

त्या वर्षी घरधन्याच्या मनात आलं, वस्तीवर जाऊ. वस्ती म्हणजे गोऱ्या पाद्र्यांची, पत्र्याच्या घरांची, जिथं पुढं मी वाढले ती. त्याला भाल्यासाठी लोखंड हवं होतं आणि मुलीला तिथली कडक बिस्किटं फार आवडायची. गेले. तिथं खाडीत एक मोठं जहाज उभं होतं, आणि वस्तीत वेगळीच शांतता होती. दारं लावलेली, आतून खोकल्याचे आवाज. बिस्किटं वाटायच्या ओट्यावर आमच्यातलीच एक बाई पोरीला घेऊन बसली होती. पोरीच्या तोंडावर, गळ्यावर, सगळीकडं तांबडं पुरळ, डोळे चिकटलेले. येंदेची मुलगी सरळ तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघींनी एक बिस्किट अर्धं अर्धं चोखलं.

ती बाई येंदेला म्हणाली, "पोरीला उचल, बाई, आणि लांब जा. हे एकाचं दुसऱ्याला लागतंय. माझं धाकटं काल पुरलं."

येंदेनं मुलीला उचललं. घरधन्याला लोखंड मिळालं होतं, ते निघाले. मुलीच्या हातातलं उरलेलं बिस्किट मात्र येंदेनं काढून घेतलं नाही. मुलगी रडली असती.

परतीच्या वाटेवर रोज ती मुलीचं अंग बघायची. पुरळ नाही, ताप नाही. मुलगी विस्तव फुंकायची, गाणी म्हणायची. हळूहळू येंदे विसरली. आणि मग एका सकाळी समुद्रात घुसलेल्या एका टोकाला वळसा घालून होडी पलीकडं गेली, तर समोर पुळणीवर देवमासा.

एवढा मोठा जीव, लाटेनं आणून टाकलेला, अजून ताजा! घरधनी होडीतच नाचायला लागला, होडी उलटते की काय असं झालं. देवमासा लागला की काय करायचं हे आमच्यात सांगावं लागत नाही. ज्याला दिसला त्यानं टोकावर जायचं, मोठा विस्तव करायचा आणि त्यावर ओली पानं टाकायची. ओल्या पानांचा पांढरा दाट धूर उभाच्या उभा वर जातो. तो ज्याला दिसेल तो होडी वळवतो, आणि त्याचा धूर बघून पुढचा. दोन-चार दिवसांत सगळ्या खाड्यांतली माणसं जमतात. महिना महिना खातात, पोरांची लग्नं ठरवतात, जुनी भांडणं मिटवतात, नवी उकरून काढतात. ज्याचा धूर त्याचं नाव होतं.

आणि त्याच सकाळी मुलीचं अंग कोमट होतं. नाक वाहत होतं, पण ते तर नेहमीच वाहायचं. डोळे लाल होते. येंदेनं कपाळाला हात लावला. ओट्यावरची ती पोर तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एकाचं दुसऱ्याला लागतंय.

घरधनी ओरडला, "अगं बघतेस काय? टोकावर जा! तुझ्या हातचा धूर होऊ दे. माझ्या बहिणीचं तोंड एकदाचं बंद होईल."

तिला सांगता आलं असतं. "थांबा, मुलीला ताप आहे, वस्तीतल्या बाईनं असं असं सांगितलं," एवढंच म्हणायचं होतं. घरधनी काही राक्षस नव्हता, थांबला असता. पण तिला वाटलं, विस्तवाजवळ बसून बसून कढत झाली असेल. तिला वाटलं, उद्यापर्यंत उतरेल. आणि खरं सांगायचं तर तिला अवाईचा चेहरा दिसत होता, भावजयीचा धूर बघून वल्हं मारत येणारा. तिनं होडीतला विस्तव शिंपल्यात घेतला, टोकावर चढली आणि ओल्या पानांचा ढीग टाकला. धूर असा गेला की ढगाला टेकला. ती तिथं उभी राहून हसली. हे तिनं स्वतःच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

माणसं आली. एवढ्या होड्या त्या खाडीत कोणी पाहिल्या नव्हत्या. समुद्रवेलीला बांधायला जागा उरली नाही. अवाई उतरली ती थेट येंदेच्या गळ्यात पडली.

"शिकलीस गं बाई! मला वाटलं शेपटीपर्यंत एकटीच खाशील."

"तुमच्यासाठी डोकं ठेवलंय, वन्सं. तुमच्याइतकंच मोठं आहे."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. चरबी ओरबाडून काढली, भाजली, पोरांनी तोंडं माखून घेतली. अवाईनं भाचीला मांडीवर घेतलं, चरबीचा तुकडा चावून तिच्या तोंडात घातला. मुलीनं तो थुंकून टाकला आणि आत्याच्या छातीवर डोकं टेकून झोपून गेली.

पुढचं मी भरभर सांगते, सावकाश सांगायचं धैर्य माझ्यात नाही. मुलीच्या अंगावर पुरळ उठलं. मग अवाईच्या धाकट्याला, मग सगळ्यांच्या पोरांना, मग पोरांच्या आयांना. अंगाची आग आग होत होती. आणि आग झाली की आमची माणसं काय करणार? जन्मल्यापासून जे करत आली तेच. समुद्रात उतरली. तापलेली माणसं बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत जाऊन बसायची आणि म्हणायची, बरं वाटतंय. बाहेर आली की थंडी भरायची, छाती बसायची, आणि संध्याकाळपर्यंत खेळ खलास. येंदेनं मुलीला स्वतः पाण्यात धरलं होतं. पोहायला शिकवायची तसंच, पोटाखाली हात देऊन. घरधनी मुलीनंतर गेला.

देवमासा अर्धासुद्धा खाऊन झाला नव्हता. ज्यांना वल्हं उचलता येत होतं ते घाबरून होड्या सोडून निघाले, प्रत्येक जण आपापल्या खाडीकडे, आजार बरोबर घेऊन. अवाईचा नवरा तिथंच गेला होता. तिची दोन्ही पोरं होडीत पडलेली, तापानं फणफणलेली. येंदे पाण्यात उतरून तिची होडी धरायला गेली. अवाईनं वल्ह्यानं तिचा हात बाजूला सारला.

"तुझा धूर दिसला नसता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात. आणि गेली.

त्या दिवसापासून येंदेनं कानाला खडा लावला. धूर नाही.

तिनं सुतकाच्या रीतीप्रमाणे डोक्याच्या मधले केस कापले, तोंडाला कोळसा फासला, जे होते नव्हते ते मेलेले एकटीनं पुरले आणि ती खाडी सोडली. त्या टोकाकडं तिनं पुन्हा होडी नेली नाही. टोकावरून आजूबाजूच्या सगळ्या किनाऱ्यांचे धूर दिसतात, हे तिला माहीत होतं. म्हणूनच नेली नाही.

एकटी बाई होडीत जगते कशी, विचारा. पुढं भाला मारायला माणूस नाही, मागं वल्हवायला आपणच. मधला विस्तव राखायला कोणी नाही. पहिल्या हिवाळ्यात ती बुडी मारून वर यायची तेव्हा विस्तव विझलेला असायचा आणि काकडलेल्या हातांनी गारगोट्या घासत बसायची. कितीदा तिच्या तोंडून निघून जायचं, "अगं, फुंक की!" आणि मग आठवायचं. हळूहळू ती शिकली. विस्तवावर गवताच्या मुळाचं ढेकूळ ठेवलं की तो बुडीपुरता टिकतो हे तिचं तिनंच शोधलं. भाला मारायला शिकली, आधी दगडावर, मग पक्ष्यांवर. सील काही तिला जमला नाही, पण शिंपल्या, खेकडे, झाडावरची नारिंगी अळंबी, यांवर माणूस जगतं. जगावं असं वाटत होतं का, ते मी विचारलं नाही. होडी फुटली तेव्हा तिनं झाडाची साल सोलून नवी शिवली, एवढं खरं.

बोलायला कोणी नाही म्हणून ती खडकावरच्या एका थोराड बदकाशी बोलायची. बदक उडायचं नाही, नुसतं पाणी उडवत पळायचं, आणि ती म्हणायची, "पळ, पळ, तूसुद्धा पळ."

आणि एक विचार होता, तो तिला खात होता. किती जगली असतील? अवाईची पोरं वाचली का? अवाई? कोणीतरी असेलच, असं ती रोज स्वतःला सांगायची. धूर केला तर कळेल. पण धूर केला आणि कोणीच आलं नाही, तर? मग तेही कळेल, की झाडून सगळे गेले आणि आपल्या एका धुरानं गेले. धूर काढला नाही तोवर कोणीतरी आहे असं म्हणता येत होतं. बाईनं त्या "असेल"वर वर्षं काढली. केस पिकले.

मग एका शरदात, रात्रभर दक्षिणेचा वारा घोंगावल्यावर, सकाळी ती खोपटाबाहेर आली तर तिच्याच पुळणीवर देवमासा.

तिनं आधी त्याला शिव्या घातल्या. "तुला दुसरी जागा नव्हती का रे मुडद्या? एवढा समुद्र पडलाय!" पक्षी डोक्यावर घिरट्या घालायला लागले. ती खोपटात जाऊन पाठ करून बसली. दुपारी बाहेर आली, शिंपलीनं एक तुकडा कापला, भाजला, तोंडाजवळ नेला. घास खाली उतरेना. चोरून खाणारी. एवढं मोठं जनावर आणि एकटी ती. भुकेली होती, कित्येक दिवसांत चरबी पोटात गेली नव्हती, तरी तिनं तो तुकडा परत ठेवून दिला.

मग ती कापायला लागली. आपल्यापुरतं नाही. पूर्वी कापायचे तसे वाटे करून, एका होडीचा एक, दुसऱ्या होडीचा एक. ओठांतल्या ओठांत नावं येत होती, ती गिळत होती, कारण कोणाचं घ्यायचं आणि कोणाचं नाही हे तिला ठाऊक नव्हतं. वाटे मांडून झाले, पुळण भरली, आणि ती त्यांच्यामध्ये उभी राहून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. पुरलं तेव्हा रडली नव्हती ती.

डोळे पुसून तिनं विस्तव शिंपल्यात घेतला, होडीत बसली आणि सरळ त्या जुन्या टोकाकडं वल्हं मारलं. चढताना गुडघे वाजत होते. वर पोचल्यावर तिनं मान खाली घालूनच विस्तव केला, आजूबाजूला कुठं बघितलं नाही. ओली पानं ओरबाडली आणि टाकली. धूर वर गेला, पांढरा, दाट, अगदी तसाच.

पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. ती पानं टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी धुकं होतं, त्यात धूर काय दिसणार, पण तरी टाकत राहिली. त्यानंतरच्या दिवशी आकाश स्वच्छ झालं आणि तिला सबब उरली नाही. समोरचं पाणी लांबवर रिकामं होतं. ती म्हणाली, "बरं, म्हणजे कोणी नाही," आणि खाली बसली. पण पानं जवळच पडली होती म्हणून अजून एक मूठ टाकली.

ऊन कलायला लागलं तेव्हा तिला होडी दिसली. एकच. आत एकच माणूस आणि एक कुत्रं. वल्हं सावकाश पडत होतं, मधे मधे थांबत होतं. येंदे धडपडत खाली पाण्यापाशी आली. होडी समुद्रवेलीपाशीच थांबली, पुढं येईना. आता असंच करतात. पूर्वी माणूस थेट येऊन गळ्यात पडायचं.

"ए! कोण आहे?" म्हातारा, चिरका आवाज.

"मी."

"मी काय मी? मी तर मीही आहे. ताप आहे का?"

"नाही."

"खोकला?"

"नाही."

"अंगावर काही?"

"म्हातारपण आहे," येंदे म्हणाली, आणि तिच्याच लक्षात आलं की हे ती कोणाशी बोलतेय. त्या जिभेची शिंपलीची धार अजून तशीच होती.

होडीतली बाई वल्हं टाकून उभीच राहिली, कुत्रं भुंकायला लागलं. "येंदे?" ती म्हणाली. "येंदे, तू?"

इतक्या वर्षांनी कोणीतरी तिचं नाव घेतलं होतं. येंदे पाण्यातच बसली.

अवाई काठाला लागली. दोघी बराच वेळ एकमेकींकडे नुसत्या बघत होत्या. आमच्यात अशा वेळी आधी बोलत नाहीत. मग अवाईच चिडली.

"मेली नव्हतीस?"

"नाही, वन्सं."

"मग धूर का नाही गं, भवाने? रोज सकाळी उठून मी या बाजूला बघायचे. हे टोक माझ्या खोपटातून दिसतं. धूर नाही. हिवाळा गेला, धूर नाही. म्हटलं, हीही गेली. मग तुझं नाव घ्यायचं सोडलं मी. इतकी वर्षं तुला मेलेली धरून बसले."

"तुम्हीच म्हणाला होता. धूर दिसला नसता तर बरं."

अवाईनं कपाळावर हात मारला. "म्हणाले होते! पोरं जळत होती माझी होडीत, तेव्हा माणूस काय बोलतं ते जन्मभर धरून बसायचं असतं का?"

"पोरं?"

अवाईनं मान हलवली. पोरांची नावं तिनं घेतली नाहीत, येंदेला कळलं.

थोड्या वेळानं येंदे म्हणाली, "मला माहीत होतं, वन्सं. वस्तीतल्या बाईनं सांगितलं होतं, हे लागतंय म्हणून. आणि त्या सकाळीच मुलीचं अंग तापलं होतं. मला माहीत होतं आणि मी धूर केला." इतकी वर्षं ती हे बदकाशीसुद्धा बोलली नव्हती.

अवाई बराच वेळ कुत्र्याच्या कानांशी चाळा करत राहिली.

"मांडीवर घेतलं ना मी तिला," ती म्हणाली. "हाताला चटका बसला. मी काय म्हणाले? काही नाही. समोर चरबी भाजत होती, सगळे हसत होते. म्हटलं, आत्ता बोललं तर लोक उठून जातील, मजा जाईल. मी माझ्या पोरांना तिच्याशेजारी झोपवलं. मग निघताना तुझ्या डोक्यावर सगळं टाकून गेले. एकटीला जड होत होतं मला."

दोघी पुळणीवर आल्या. मांडलेले वाटे बघून अवाईनं तोंडावर हात घेतला.

"एवढे कोणासाठी?"

"कोण कोण आहे ते तुम्हीच सांगा."

"मागच्या हिवाळ्यापर्यंत माझ्या बाजूला तिघी होतो," अवाई म्हणाली. "त्या दोघी थकल्या. म्हणाल्या, चहूकडं बघितलं, कुठंच धूर नाही, आपण इथं भुतांसारखं कशाला राहायचं? गेल्या वस्तीत, पत्र्याच्या घरांत. एक तिथं खोकून गेली म्हणतात. तू एक काटकी ओली घातली असतीस, येंदे, तर त्या थांबल्या असत्या."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. तरी येंदेला ते तिच्या निघतानाच्या त्या वाक्याहून जड गेलं. धूर करून चुकली होती, आणि न करूनही चुकली होती. तिनं वाट्यांतला एक उचलून अवाईसमोर ठेवला. "खा, वन्सं," ती म्हणाली, "नाहीतर म्हणाल चोरून खाल्लं." अवाई हसली आणि हसता हसता तिला रडू कोसळलं. दोघींनी रडत रडतच खाल्लं. उरलेली चरबी टिकावी म्हणून दलदलीत पुरली, ती दोघींना बरेच हिवाळे पुरली.

अवाई काही दिवस राहिली. कायमची का नाही राहिली, असं तुम्ही विचाराल. एक तर एका खोपटात दोघी राहिल्या तर एकमेकींच्या झिंज्या उपटतील, हे दोघींनाही माहीत होतं. दुसरं, तिची पोरं तिच्या खाडीत पुरलेली आहेत, त्यांना सोडून तिला झोप येत नाही. येंदेचंही तेच, मुलगी त्या टोकाखाली आहे. येंदे आता टोकाजवळच येऊन राहिलीय.

जाताना अवाईनं होडी सोडली आणि मागं वळून ओरडली, "सकाळी उठल्या उठल्या! आधी धूर, मग बाकीचं. मला दुपारपर्यंत ताटकळत ठेवलंस तर बघ!"

तेव्हापासून रोज सकाळी दोघी विस्तवावर एकेक मूठ ओली पानं टाकतात. बोलावणं म्हणून नाही. बाकी कोणी येणार नाही हे त्यांना आता कळलंय. मी आहे, एवढंच. पावसात, बर्फात, ताप असला तरी उठून टाकतात. एक दिवस एका बाजूला धूर दिसणार नाही, आणि त्या दिवसापासून दुसरीनं तिचं नाव घ्यायचं नाही. त्याबद्दल दोघी कधी बोलत नाहीत.

मी आता त्यांच्याच बाजूला मेंढ्या राखते; वरच्या चढावर जाते, तिथून दोन्ही किनारे दिसतात. आज सकाळी अवाईचा धूर लवकर होता. येंदेचा नव्हता. मेंढ्या पुढं गेल्या, मी तिथंच उभी राहिले. बऱ्याच वेळानं निघाला, बारीकसा. म्हणून आज तरी दोघींची नावं घेऊन सांगितलं.